अक्षर एक, व्याधी अनेक



रोगाविषयी आपल्या मनात एक साधा हिशेब असतो. पटकीच्या जंतूने पटकी होते, क्षयाच्या जंतूने क्षय होतो. कारण एक, तर कार्यही एक. आज ज्या रोगांविषयी मी बोलणार आहे त्यांनी हा हिशेब पार विसकटून टाकला आहे. एका आईच्या पोटी जन्मलेली तीन भावंडे घ्या. तिघांच्याही शरीरात दोष तोच. परंतु एकाला पंधराव्या वर्षी पक्षाघातासारखे झटके येऊ लागतात. दुसरीला चाळिशीच्या आत मधुमेह आणि बहिरेपण गाठते. तिसरा साठी ओलांडतो आणि जिना चढताना थोडासा दमतो, एवढेच. डॉक्टरांना विचारावे तर ते सांगतात की, तिघांच्या शरीरात फरक आहे तो एकाच अक्षराचा. मग हे एकच अक्षर तीन ठिकाणी तीन वेगळे अर्थ का सांगते? या प्रश्नाला शास्त्राने आजवर जे उत्तर दिले आहे, ते आपल्यापुढे मांडावे असा माझा विचार आहे.

मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात झाले. आयुष्याची तीस वर्षे यंत्रमाग आणि सूतगिरण्यांच्या कामगारांत गेली. माणसाच्या अंगातून काम किती निघते, ते कशाने कमी होते, आणि कमी झाले म्हणजे त्याच्या वाट्याला काय येते, हा माझा रोजचा विषय. तेव्हा शरीरातील शक्ती जेथे तयार होते तेथवर वाचनाने मला नेले, यात नवल नाही. औषधोपचार डॉक्टरांनीच सांगावा. समजूत मात्र तुम्हां-आम्हां सर्वांची असली पाहिजे. कारण या रोगात गैरसमजाने होणारा छळ रोगाच्या छळाहून कमी नसतो.

प्रथम ही शक्ती कशी तयार होते ते पाहू. शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. एक पेशी म्हणजे एक लहानसा कारखाना समजा. या कारखान्यात शेकडो बारीक वीजघरे असतात. त्यांना शास्त्रज्ञ मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना तंतुकणिका असे नाव आहे. आपण खातो ती भाकरी आणि घेतो तो श्वास यांची गाठ शेवटी येथे पडते. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात पाच प्रकारची यंत्रे बसवलेली असतात. अन्नातून सुटलेले विद्युत्कण पहिल्या चार यंत्रांतून हातोहात पुढे जातात आणि अखेर प्राणवायूला मिळतात. या देवघेवीत पडद्याच्या एका बाजूस दाब साठतो, आणि त्या दाबावर पाचवे यंत्र पाणचक्कीसारखे खरोखरच फिरते व ए.टी.पी. नावाचे द्रव्य घडवते. दाबाची ही कल्पना पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडली. तिच्याबद्दल त्याला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूचे आकुंचन असो की मेंदूतील विचार असो, खर्च होते ते हे ए.टी.पी. दिवसभरात आपण जवळजवळ आपल्या वजनाइतके ए.टी.पी. तयार करतो आणि तितकेच खर्च करतो. शिल्लक अशी फारच थोडी राहते. हातावर पोट असलेल्या माणसासारखी पेशीची ही स्थिती आहे. एक पाळी बुडाली की चूल बंद.

हे वीजघर बिघडून माणूस आजारी पडू शकतो, हे प्रथम दाखवून दिले ते स्वीडनमधील रॉल्फ लुफ्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९६२ साली. त्यांच्याकडे पस्तिशीतील एक स्त्री आली होती. तिला सारखा घाम येई, भरपूर खाऊनही अंगी मांस धरत नसे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा दोष असावा असे वाटले, पण तो नव्हता. तिच्या स्नायूंतील तंतुकणिका अन्न जाळीत होत्या, परंतु त्या प्रमाणात ए.टी.पी. घडत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, स्टॉकहोममध्ये मार्गिट नास आणि सिल्व्हन नास यांनी तंतुकणिकेच्या आत डी.एन.ए.चे धागे पाहिले. ही गोष्ट फार महत्त्वाची होती. शरीराच्या घडणीची लिखित पोथी, म्हणजे डी.एन.ए., पेशीच्या केंद्रकात असते एवढेच तोवर ठाऊक होते. आता असे दिसले की, वीजघरात त्याची स्वतःची अशी एक छोटी पोथी निराळी ठेवलेली आहे.

ही छोटी पोथी १९८१ साली केंब्रिजमध्ये अथपासून इतिपर्यंत वाचली गेली. तिच्यात १६,५६९ अक्षरे आहेत आणि जनुके फक्त ३७. त्यांपैकी १३ जनुके वीजघराच्या यंत्रांचे भाग कसे बनवावेत ते सांगतात. उरलेली २४ ते भाग जागच्या जागी जुळवण्याची हत्यारे पुरवतात. वीजघराला लागणारे बाकीचे हजाराहून अधिक प्रकारचे भाग केंद्रकातील मोठ्या पोथीवरून बनतात आणि बाहेरून आत नेले जातात. म्हणजे एका यंत्राचे काही भाग जागेवर घडवलेले, काही मुख्य कचेरीकडून आलेले. दोहोंचा मेळ बसला तरच यंत्र चालते. हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता पोथी म्हटली की नकला आल्या, आणि नकला आल्या की पाठभेद आले. ज्ञानेश्वरीच्या नकलांत पाठभेद फार शिरले म्हणून नाथमहाराजांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण जाणतो. शरीरातही पेशी वाढताना पोथीच्या नकला होतात, आणि एखादे अक्षर बदलते. बहुतेक पाठभेद निरुपद्रवी असतात. अर्थाला बाध येत नाही. काही मात्र नेमके मर्मावर पडतात. १९८८ साली असे दोष मानवी रोगाशी प्रथमच निश्चितपणे जोडले गेले. लंडनमध्ये काही रुग्णांच्या स्नायूंत या छोट्या पोथीचे तुकडेच गळालेले दिसले. आणि अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या मंडळींनी तरुणपणी दृष्टी घालवणाऱ्या एका आनुवंशिक रोगात एका अक्षराचा बदल दाखवला. येथून पुढे दोषांच्या याद्या वाढत गेल्या. परंतु याद्या वाढल्या तसे कोडेही वाढले.

ते कोडे असे. १९९० साली जपानी शास्त्रज्ञांनी छोट्या पोथीतील ३२४३ क्रमांकाच्या जागी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ हे अक्षर शोधून काढले. ज्यांना लहान वयात पक्षाघातासारखे झटके, आकड्या, ओकाऱ्या आणि असह्य डोकेदुखी होते, अशा बहुतेक रुग्णांत हा बदल सापडला. दोनच वर्षांनी, १९९२ साली, हॉलंडमधील एका मोठ्या कुटुंबात मधुमेह आणि बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या आईकडून उतरत असल्याचे आढळले. आणि तेथे सापडले तेही ३२४३ वरचे तेच अक्षर. हे अक्षर बिघडवते काय, हे तर कळले होते. ल्यूसिन नावाचे एक द्रव्य प्रथिनांच्या जुळणीच्या ठिकाणी वाहून आणणारा एक हमाल असतो. त्याचे काम या बदलाने ढिले पडते, आणि तेराही भागांची जुळणी थोडीफार बिघडते. पण एकाच हमालाच्या ढिलाईने एका घरात झटके आणि दुसऱ्या घरात बहिरेपण का यावे? या कोड्याच्या उत्तराचे चार भाग आहेत. ते क्रमाने घेऊ.

पहिला प्रश्न विचारायचा तो: सदोष नकला किती? केंद्रकातील पोथीच्या पेशीत दोनच प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. छोट्या पोथीच्या प्रती मात्र एकेका पेशीत शेकडो, हजारो असतात. त्या सगळ्याच बिघडलेल्या असतात असे नाही. चांगल्या आणि वाईट प्रतींची सरमिसळ असते. एखाद्या खात्यात २४ माग आहेत असे समजा. त्यांतले चार बंद पडले तरी उरलेल्या मागांवर जादा काम घेऊन मालकाचा माल वेळेवर निघतो आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही. आठ बंद पडले तरी ओढून-ताणून निभावते. अठरा बंद पडले की मात्र सारे उघडे पडते. पेशीचेही तसेच. सदोष प्रतींचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे, बहुधा शेकडा ६० ते ९० च्या दरम्यान कोठेतरी, गेल्यावरच लक्षणे दिसू लागतात.

याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे ८९९३ क्रमांकावरील एक बदल. हा पाचव्या, म्हणजे फिरणाऱ्या यंत्राच्याच एका भागात असतो. सदोष प्रती शेकडा ७० च्या खाली असल्या तर माणूस पुष्कळदा धडधाकट असतो. ७० ते ९० असल्या तर तरुणपणी हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, रात्रीचे दिसेनासे होते. ९० च्या वर गेल्या की तान्ह्या वयातच मेंदूचा खोल भाग झिजू लागतो; १९५१ साली लंडनच्या डेनिस ली यांनी वर्णन केलेला तो भयंकर रोग हाच. अक्षर तेच, प्रमाण वेगळे. आणि तेवढ्याने एक चालता-फिरता माणूस आणि एक पाळण्यातले आजारी मूल इतका फरक पडतो.

हे प्रमाण भावंडांत वेगवेगळे का असते? वडिलांच्या शुक्राणूतील तंतुकणिका गर्भात टिकत नाहीत. म्हणून छोटी पोथी प्रत्येकाला आईकडूनच मिळते. आईच्या बीजांडाची घडण होताना या प्रतींपैकी मोजक्याच पुढे जातात आणि त्यांच्यापासून पुढचा सारा साठा वाढतो. ज्वारीच्या पोत्यात चांगले आणि किडके दाणे मिसळलेले आहेत, आणि बियाण्यासाठी आपण डोळे मिटून एकेक मूठ काढतो आहोत, असे समजा. एका मुठीत किडके दाणे दोन येतील, दुसरीत दहा. पोते एकच, मुठी वेगळ्या. आईने काही केले म्हणून दहा आले, असे म्हणण्यात काडीचाही अर्थ नाही.

दुसरा प्रश्न: सदोष नकला कुठे आहेत? प्रमाण माणसामाणसांत वेगळे असते, तसे एकाच माणसाच्या अवयवाअवयवांतही वेगळे असते. शिवाय प्रत्येक अवयवाची भूक सारखी नसते. मेंदू, डोळा, हृदय, स्नायू, कानाचा आतला भाग, मधुमेहाशी संबंध असलेल्या स्वादुपिंडातील पेशी, ही सारी खाती तीन पाळ्यांत पूर्ण भराने चालणारी. तेथे थोडे माग बंद पडले तरी ताण जाणवतो. म्हणूनच डोळा, कान, साखर आणि स्नायू यांची एरवी न जुळणारी दुखणी या रोगात एका घरात एकत्र नांदताना दिसतात.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रक्ताच्या पेशी सारख्या नव्याने तयार होत असतात, आणि ३२४३ चा दोष असलेल्या प्रती रक्तातून वर्षानुवर्षे हळूहळू कमी होत जातात. स्नायूत मात्र त्या ठाण मांडून बसतात. परिणामी पन्नाशीतील माणसाचे रक्त तपासले तर दोष अगदी थोडा दिसतो, कधी दिसतही नाही, आणि स्नायू मात्र दुबळे झालेले असतात. लघवीत उतरणाऱ्या पेशी तपासल्या तर पुष्कळदा खरी गोष्ट कळते; प्रसंगी स्नायूचा लहान तुकडा काढून पाहावा लागतो. रक्त चांगले आले एवढ्यावरून ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगणे या रोगात चालत नाही.

मी पाहिलेले एक घर सांगतो. आमच्या संघटनेतील एक बाई कांड्या भरण्याचे काम करीत. अडतिसाव्या वर्षी त्यांना कमी ऐकू येऊ लागले. मुकादमाने ठरवले की बाई ऐकून न ऐकल्यासारखे करतात. साखर निघाली, तीही अंगाने काटकुळ्या असताना. दुपारनंतर हात चालेनात; त्यावर ‘कामचुकार’ असा शेरा बसला आणि पाळी तुटली. त्यांच्या भावाला हृदयाचा विकार होता. मुलाला सोळाव्या वर्षी आकड्या आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा सासरच्यांनी ‘हिच्या माहेरचे पाप’ म्हणून हात झटकले. कानाचा डॉक्टर निराळा, साखरेचा निराळा, मुलाचा निराळा. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर आपापला रोग. अखेर मेंदूच्या एका डॉक्टरांनी मुलाच्या पायथ्याशी बसून आईला विचारले, ‘तुमच्या आईला ऐकू येत होते का?’ येत नव्हते. त्या एका प्रश्नाने तीन पिढ्यांची दुखणी एका सूत्रात आली. तपासणीत ३२४३ निघाले. मुलात प्रमाण अधिक होते, आईत कमी. रोग बरा झाला नाही. पण मुलाला त्रासदायक ठरतील अशी औषधे टळली, आणि बाईंच्या कपाळीचा कामचुकारपणाचा शेरा तरी पुसला गेला.

तिसरा प्रश्न: सोबतीला मोठी पोथी कोणती आहे? प्रमाण आणि जागा यांनी सारे कोडे सुटत नाही. ज्या दृष्टिरोगाचा मघाशी उल्लेख केला, त्याचे वर्णन जर्मनीच्या थिओडोर लेबर यांनी १८७१ सालीच केले होते. पंधरा ते पस्तीस या वयातल्या तरुणाला एका डोळ्याने मधोमध दिसेनासे होते. दुखत-खुपत काही नाही. काही आठवड्यांत दुसरा डोळाही जातो. या रोगाच्या बहुतेक घराण्यांत सगळ्याच प्रती सदोष असतात, शेकडा शंभर. येथे चांगल्या-वाईटाची सरमिसळच नाही. तरीसुद्धा अशा घराण्यांतील साधारण निम्म्या पुरुषांची आणि दहांतील एखाद्या स्त्रीची दृष्टी जाते. बाकीचे आयुष्यभर सुईत दोरा ओवतात. आणि ज्यांच्या घराण्यात रोगाचा इतिहास नाही अशा सर्वसाधारण लोकांत हेच अक्षर असले, तर दृष्टी जाण्याचे प्रमाण याहूनही पुष्कळच कमी भरते. याचा अर्थ, हे अक्षर स्वतः निकाल देत नाही. त्याच्या बाजूला उभे राहणारे दुसरे पुष्कळ काही असते. ३२४३ च्या बाबतीतही इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवले की, प्रमाण आणि वय या दोहोंनी मिळून लक्षणांतला फरक थोडाच उलगडतो. केंद्रकातील जनुकांचाही त्यात हात असतो. जागेवर घडलेले भाग आणि मुख्य कचेरीकडून आलेले भाग यांचा मेळ मघाशी सांगितला, तो हाच.

कधी कधी तर मूळ दोषच मोठ्या पोथीत असतो. छोट्या पोथीच्या नकला करणारे एक यंत्र आहे. त्याचे जनुक केंद्रकात असते. त्याला पोलजी म्हणतात. रोगाशी त्याचा संबंध २००१ साली उघड झाला. नकलनवीसच बिघडला तर चुका वाढतात किंवा नकलाच कमी पडतात. हे एकच जनुक निरनिराळ्या ठिकाणी बिघडून एका घरी लहान मुलाला न थांबणाऱ्या आकड्या आणि यकृताचा नाश आणते, तर दुसऱ्या घरी पन्नाशीच्या माणसाच्या पापण्या खाली लोंबू लागतात आणि डोळे फिरेनासे होतात. मुलांतील तीव्र प्रकारात आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. तेव्हा ‘हा रोग बाईकडूनच येतो’ हे वाक्यही सरसकट खरे नाही. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. जवळच्या नात्यात तोच सदोष पाठ दोघांकडे असण्याचा संभव वाढतो, हेही येथे सांगितले पाहिजे.

चौथा प्रश्न: परिस्थिती कोणती? आणि हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे आपल्या हाताला काही लागते. लेबरच्या रोगाच्या घराण्यांची २००९ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी सांगते की, सदोष अक्षर असलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी शेकडा ९३ जणांची दृष्टी गेली होती. फार दारू पिणेही घातक ठरते. जन्माला आलेले अक्षर बदलता येत नाही. विडी सोडता येते.

दुसरे उदाहरण अधिकच बोलके आहे. १९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयावर प्रथमच खरे औषध हाती आले. गिरणगावच्या चाळींत ज्या रोगाने घरेच्या घरे ओस पाडली, त्यावरचे हे औषध पुढे आमच्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यातही तयार होऊ लागले. त्याने असंख्य जीव वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण काहींचे कान त्याने नेले. कोणाचे पुष्कळ इंजेक्शनांनी, तर कोणाचे अगदी थोड्यांनी. या दुसऱ्या प्रकारातील काहींचे कारण १९९३ साली कळले. छोट्या पोथीच्या १५५५ क्रमांकावर ‘ए’ चा ‘जी’ झालेला असतो. हे औषध जंतूंची प्रथिने जुळवणारी यंत्रणा बंद पाडते. आणि तंतुकणिका या अतिप्राचीन काळी स्वतंत्र जिवाणूच होत्या, असे शास्त्र मानते. १५५५ च्या बदलाने आपली यंत्रणा जंतूंच्या यंत्रणेसारखी दिसू लागते, आणि औषध कानातील पेशींनाही जंतू समजून मारते. युरोपीय लोकांत सुमारे ५०० त एकाजवळ हे अक्षर आहे. ते आयुष्यभर काहीही न करता पडून राहू शकते; त्याच गटातील जेंटामायसिन किंवा अमिकॅसिन टोचले की मात्र कान जाण्याचा धोका उभा राहतो. मँचेस्टर येथे नवजात बालकांसाठी २६ मिनिटांत निकाल देणारी तपासणी करून पाहिली, त्याचा वृत्तांत २०२२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तशी सोय नसेल तेथे तोंडी प्रश्न तरी फुकट आहे: ‘आईकडच्या कोणाचे इंजेक्शनांनंतर कान गेले होते का?’ पोलजीच्या रुग्णांतही असेच आहे. आकडीवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट हे नेहमीचे औषध त्यांच्या यकृताचा घात करू शकते. आकडीचे औषध मनाने बंद करणे मात्र कोणालाही धोक्याचे. घराण्याची माहिती डॉक्टरांना सांगावी आणि निर्णय त्यांनी घ्यावा.

किती, कुठे, कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या परिस्थितीत, असे हे चार प्रश्न झाले. यांची उत्तरे मिळाल्यावाचून नुसत्या अक्षरावरून माणसाचे भविष्य सांगणे म्हणजे पत्रिका पाहण्यासारखे आहे. आणि नेमका तोच धोका आज उभा राहतो आहे. जनुकांची तपासणी दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. आपल्याकडे हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रात या छोट्या पोथीचा अभ्यास अनेक वर्षे चालला आहे. उद्या असा कागद सोयरिकीच्या बैठकीत मांडला जाईल, परवा कारखान्याच्या दारात मागितला जाईल. अशा वेळी ‘दोष आहे’ हे दोन शब्द वाचून मुलगी नाकारणारे किंवा कामगाराला घरी बसवणारे लोक निघतील. आणि उलट बाजूने, ‘रक्तात शेकडा दहाच, म्हणजे तू ठणठणीत’ असे म्हणून थकलेल्या माणसाला तिसऱ्या पाळीला उभे करणारेही निघतील. दोघेही कागद वाचतात आणि माणूस वाचत नाहीत. या रोगात ताप, उपवास आणि अतिश्रम यांनी प्रकृती एकाएकी ढासळू शकते. सकाळी चार तास नीट काम करणारा दुपारी गळून जातो. त्याला हलके काम, मध्ये विश्रांती आणि वेळेवर खाणे मिळाले, तर तो वर्षानुवर्षे आपली भाकरी कमावू शकतो. त्याचे काम काय असावे हे त्याची प्रकृती पाहून ठरवावे. नुसत्या टक्क्यांवरून ठरवू नये.

ईशान्य इंग्लंडमधील २०१५ च्या एका पाहणीत या रोगांनी पीडित किंवा त्यांचा धोका असलेले प्रौढ सुमारे ४,३०० त एक निघाले. एका घरापुरता हा आकडा लहान वाटेल. मोठ्या शहराला लावून पाहिला तर शेकडो माणसे होतात. बहुतेक प्रकारांना मुळातून बरे करणारा उपाय अद्याप नाही. पण साखर आवरता येते, कानाला यंत्र लावता येते, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवता येते, घातक औषधे टाळता येतात. ब्रिटनने २०१५ साली कायदा करून एक नवा मार्ग मोकळा केला. त्यात आईबापांची मोठी पोथी दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी तंतुकणिका असलेल्या बीजांडात ठेवली जाते. या पद्धतीने न्यूकॅसल येथे ७ मातांना ८ बालके झाल्याचे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाले. काही बालकांत सदोष प्रती मुळीच सापडल्या नाहीत, काहींत थोड्या सापडल्या; परंतु रोग उत्पन्न करणाऱ्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. शास्त्रज्ञांनी येथेही बदलले ते प्रमाणच.

मातांविषयी एक शब्द बोलतो आणि थांबतो. छोटी पोथी आईकडून येते, एवढेच अर्धे वाक्य ऐकून आपल्या समाजात सुनेला माहेरी धाडले जाते. पूर्ण वाक्य असे आहे की, तिलाही ती तिच्या आईकडून आली, तिच्या आईला तिच्या आईकडून. आणि ज्या तंतुकणिकांनी यातल्या प्रत्येक मुलाच्या छातीत पहिला ठोका वाजवला, त्याही त्याच माउलीच्या होत्या. मुलगा मात्र हा वारसा व्यवहारतः पुढे देत नाही, तेव्हा त्याच्या संततीविषयी छोट्या पोथीची भीती बाळगण्याचे कारण नाही. येथून घरी गेल्यावर आपण एक लहानसे काम करावे अशी माझी विनंती आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारून आईकडच्या तीन पिढ्यांची दुखणी एका कागदावर उतरवावी: कोणाला ऐकू येत नव्हते, कोणाची नजर तरुणपणी गेली, कोणाला कोणते औषध बाधले. वडिलांच्या घराण्याच्या वंशावळी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. या बायकांची यादी मात्र कोणी केली नाही. ती केली, आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर नेली, तर आजच्या या तासाभराचे सार्थक झाले असे मी समजेन.